फिटलेले कर्ज आणि मागे राहिलेली नोंद

(अमेरिकेतील वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या सत्रासाठी मला दिलेला विषय आपल्या व्यासपीठावर एरवी फारसा येत नाही. मुलांचे शिक्षण, मायदेशातील वसतिगृहांना मदत, नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांची सोय, यांवर आपण दरवर्षी बोलतो. पैशाच्या अडचणीविषयी मात्र आपण एकमेकांशी बोलत नाही. ज्याच्या घरी वसुलीवाल्यांचे फोन येतात, तो माणूस हळूहळू संमेलनाला येणेच टाळू लागतो. नोकरी जाते, घरात मोठे आजारपण येते, गावाकडे बहिणीचे लग्न किंवा वडिलांची शस्त्रक्रिया निघते आणि क्रेडिट कार्डावरची रक्कम वाढत जाते. पुढे तो माणूस जिद्दीने उभा राहतो, तीन-चार वर्षे पोटाला चिमटा घेऊन एकेक देणे फेडतो आणि सुटकेचा श्वास टाकतो. त्यानंतर घर घ्यायला जातो तेव्हा कळते की कर्ज फिटले असले तरी कर्जाची नोंद फिटलेली नाही. बँक नकार देते किंवा चढा व्याजदर सांगते, घरमालक जास्त अनामत मागतो, अनेक राज्यांत मोटारीच्या विम्याचा हप्तासुद्धा वाढतो. फेडूनही शिक्षा चालूच राहते, असे त्याला वाटते. या शिक्षेची मुदत किती, तिला नियम कोणते आणि आपल्या हातात काय आहे, एवढेच आज मला सांगायचे आहे.

वही कोणाच्या हाती?

कर्ज आणि वही यांचे नाते आपल्याला नवे नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. त्या उठावात लोकांचा रोख मुख्यतः सावकारांच्या कर्जरोख्यांवर व वह्यांवर होता. ते कागद हिसकावून जाळण्यात आले. कारण उघड होते. काय दिले, किती फेडले, व्याज किती चढले, हे सारे वहीत होते. वही सावकाराची, अक्षर सावकाराचे, आणि अंगठा तेवढा कुळाचा. पुढे १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पैसे भरल्याची लेखी पावती आणि खात्याचा हिशेब मागण्याचा हक्क त्या कायद्याने शेतकरी ऋणकोला दिला. म्हणजे वही जाळण्याची गरज का पडली, याचे उत्तर सरकारलाही शेवटी हेच द्यावे लागले की ऋणकोला वही पाहता आली पाहिजे.

अमेरिकेचा इतिहास वेगळा आहे, पण प्रश्न तोच होता. आज इक्विफॅक्स या नावाने ओळखली जाणारी कंपनी १८९९ मध्ये अटलांटा येथे रिटेल क्रेडिट कंपनी म्हणून सुरू झाली. लोकांची पत कशी आहे याची माहिती गोळा करून ती व्यापाऱ्यांना व विमा कंपन्यांना विकणे हा तिचा धंदा. त्या माहितीत माणसाच्या खासगी वागणुकीविषयीची ऐकीव बोलणीही असत, आणि ज्याच्याविषयी लिहिले त्याला ते वाचण्याचा हक्क नव्हता. या प्रकारावर टीका झाल्यावर १९७० मध्ये संघराज्याच्या काँग्रेसने फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट संमत केला. आपल्याविषयी काय लिहिले आहे ते पाहण्याचा, चुकीचे असल्यास आव्हान देण्याचा आणि जुनी प्रतिकूल नोंद ठराविक मुदतीनंतर काढली जाण्याचा हक्क त्यातून मिळाला. आज आपण जे करणार आहोत, ते या तीन हक्कांच्या आधारावर.

नोंद कशी तयार होते?

या देशात इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन मोठ्या खासगी संस्था प्रत्येकाची पतनोंद ठेवतात. तिघींच्या वह्या स्वतंत्र आहेत. एखादी बँक तिघींना माहिती पुरवते, एखादी एकीलाच. म्हणून एका ठिकाणी दुरुस्त झालेली चूक दुसऱ्या ठिकाणी तशीच राहू शकते. या नोंदीत आपला पगार, बँकेतील शिल्लक, वंश, धर्म किंवा जात यांचा पतमापनासाठी समावेश नसतो. खाती कोणती, मर्यादा किती, बाकी किती, हप्ते वेळेवर गेले की नाही, हे तेवढे असते.

या नोंदीवर गणिती सूत्र लावून पतगुण काढतात. फिको कंपनीचे सर्वसाधारण वापराचे गुण १९८९ पासून प्रचारात आले. ते ३०० ते ८५० या पट्ट्यात असतात. कंपनीने सांगितलेले ढोबळ प्रमाण असे: हप्ते वेळेवर भरल्याचा इतिहास ३५ टक्के, सध्याची देणी ३० टक्के, खात्यांचे वय १५ टक्के, नवे अर्ज १० टक्के आणि कर्जांचे प्रकार १० टक्के. हे आकडे लक्षात ठेवा, कारण दुरुस्तीचा सारा क्रम त्यांवरूनच ठरतो.

फेडल्यावर काय बदलते आणि काय बदलत नाही

कर्ज फेडल्याने खात्यावरची बाकी शून्य होते, पण झालेला उशीर पुसला जात नाही. उशिराने भरलेला हप्ता, बुडीत खात्यात टाकलेले कर्ज, वसुली संस्थेकडे गेलेले खाते, या प्रतिकूल नोंदी साधारण सात वर्षे राहतात. प्रकरण सातखालील दिवाळखोरीची नोंद अर्ज केल्यापासून दहा वर्षे राहू शकते.

सात वर्षे कोणत्या दिवसापासून मोजायची, यावर फार गैरसमज आहेत. एक उदाहरण घेऊ. समजा, एका गृहस्थांचा कार्डाचा हप्ता मार्च २०२१ मध्ये प्रथम चुकला आणि त्यानंतर ते खाते कधीच सुरळीत झाले नाही. साधारण १८० दिवसांनी बँकेने ते बुडीत दाखवले. २०२२ मध्ये ते एका वसुली संस्थेला विकले गेले. २०२४ मध्ये गृहस्थांनी पूर्ण रक्कम भरली. कायद्याने वसुलीच्या व बुडीत खात्यांची सात वर्षे मूळ थकबाकी सुरू झाल्यानंतरच्या १८० दिवसांनी सुरू होतात. म्हणजे ही नोंद फार तर सप्टेंबर २०२८ पर्यंत राहू शकते. खाते विकले गेले म्हणून मुदत पुढे जात नाही, आणि गृहस्थांनी २०२४ मध्ये पैसे भरले म्हणूनही ती नव्याने सुरू होत नाही. वसुली संस्थेने खरेदीची तारीख हीच थकबाकीची तारीख म्हणून दाखवली असेल, तर ते बेकायदेशीर आहे.

येथे एक सावधगिरी. पतनोंदीची ही मुदत वेगळी आणि कर्जाबद्दल न्यायालयात दावा लावण्याची मुदत वेगळी. दाव्याची मुदत प्रत्येक राज्यात निराळी आहे, आणि अनेक राज्यांत जुन्या कर्जापोटी थोडी जरी रक्कम भरली तरी ती मुदत नव्याने सुरू होऊ शकते. म्हणून फार जुन्या कर्जाबद्दल फोन आला, तर घाबरून वीस-पंचवीस डॉलर पाठवू नका. प्रथम कर्ज आपलेच असल्याचा लेखी खुलासा मागा. १९७७ च्या वसुलीविषयक कायद्यानुसार संस्थेची सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी हरकत घेतली, तर खुलासा देईपर्यंत त्या संस्थेला वसुली थांबवावी लागते.

‘बुडीत खाते’ या शब्दाचा अर्थही समजून घ्या. बँकेने आपल्या हिशेबात ती रक्कम तोटा म्हणून दाखवली, एवढाच तो अर्थ. आपले देणे त्याने माफ होत नाही. तसेच कमी रकमेत तडजोड केली, तर नोंदीत ‘पूर्ण फेड’ न लिहिता ‘तडजोडीने मिटवले’ असे लिहिले जाते. शिवाय माफ झालेली रक्कम ६०० डॉलर वा अधिक असेल, तर धनकोकडून १०९९-सी हा कर खात्याचा फॉर्म येऊ शकतो आणि ती रक्कम आपले उत्पन्न धरली जाऊ शकते. त्या वेळी आपली देणी मालमत्तेपेक्षा जास्त होती असे दाखवता आले, तर फॉर्म ९८२ भरून त्या प्रमाणात सूट मिळते. हा फॉर्म कचऱ्यात टाकू नका, कर भरून देणाऱ्याला दाखवा.

दवाखान्याच्या बिलांबाबत थोडी सुधारणा झाली आहे. जुलै २०२२ पासून तिन्ही संस्थांनी, वसुलीला गेलेली पण नंतर फेडलेली वैद्यकीय देणी नोंदीतून काढून टाकली, आणि न फेडलेले वैद्यकीय देणे एक वर्ष होईपर्यंत न दाखवण्याचे ठरवले. एप्रिल २०२३ पासून ५०० डॉलरपेक्षा कमी मूळ रकमेची वैद्यकीय वसुली दाखवणे बंद झाले. सर्वच वैद्यकीय देणी वगळण्याचा संघराज्याच्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाचा जानेवारी २०२५ चा नियम मात्र जुलै २०२५ मध्ये टेक्सासमधील संघीय न्यायालयाने रद्द केला. तेव्हा ‘आता दवाखान्याचे देणे दिसतच नाही’ असे कोणी सांगितले, तर त्यावर विसंबू नका. पण फेडलेले वैद्यकीय देणे आपल्या नोंदीत अजून दिसत असेल, तर ते काढून घेण्यास आपण बिनदिक्कत सांगू शकता.

एकच कर्ज फेडूनही एका बँकेत गुण सुधारतात आणि दुसरीकडे तसेच राहतात, याचेही कारण आहे. सूत्रे अनेक आहेत. फिको ९ हे २०१४ मधील सूत्र फेडलेली वसुली खाती धरतच नाही, त्याआधीचे फिको ८ ती धरते. गृहकर्जाच्या क्षेत्रात तर आणखी जुनी सूत्रे दीर्घकाळ वापरली गेली. म्हणून अर्ज करण्यापूर्वी बँकेला कोणते गुण पाहणार, हे विचारण्यात संकोच करू नये.

दुरुस्तीची पद्धत

पहिली पायरी म्हणजे तिन्ही अहवाल मागवणे. २००३ च्या कायद्याने प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा विनामूल्य अहवाल मिळू लागला. २०२० पासून तो आठवड्यातून एकदा मिळू लागला आणि २०२३ मध्ये ही सवलत कायम करण्यात आली. ॲन्युअलक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉम हे त्यासाठीचे अधिकृत ठिकाण आहे. नावात साम्य असलेल्या व कार्डाचा क्रमांक मागणाऱ्या इतर ठिकाणांच्या नादी लागू नका. कोणी कर्ज नाकारले, तर नकाराच्या पत्रानंतर साठ दिवसांत त्या संस्थेकडून विनामूल्य अहवाल मागण्याचा वेगळा हक्कही आहे.

दुसरी पायरी म्हणजे अहवाल ओळ न् ओळ वाचणे. फेडलेल्या खात्यावर बाकी शून्य आहे का? मूळ थकबाकीची तारीख बरोबर आहे का? एकच कर्ज बँकेच्या आणि वसुली संस्थेच्या नावाने दोनदा, दोन्हीकडे बाकीसह दिसते का? न केलेला उशीर दाखवला आहे का? संघराज्याच्या व्यापार आयोगाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पाचपैकी एका ग्राहकाच्या किमान एका अहवालात अशी चूक आढळली की जी हरकत घेतल्यावर संस्थेला दुरुस्त करावी लागली. तेव्हा चुका अपवादात्मक आहेत असे समजू नका.

तिसरी पायरी म्हणजे लेखी हरकत. प्रत्येक चुकीसाठी थोडक्यात लिहा: खाते कोणते, चूक काय, खरे काय, आणि पुरावा कोणता. पैसे भरल्याची पावती, तडजोडीचे पत्र, बँकेचा उतारा यांच्या प्रती जोडा, मूळ कागद कधीही पाठवू नका. पत्र पोहोचपावतीच्या टपालाने पाठवा. संस्थेने साधारण तीस दिवसांत चौकशी करावी लागते, काही परिस्थितीत पंचेचाळीस. माहितीची खातरजमा झाली नाही, तर ती दुरुस्त करावी किंवा काढावी लागते, आणि निकाल लेखी कळवावा लागतो. माहिती पुरवणाऱ्या बँकेलाही त्याच वेळी थेट पत्र लिहा. निकाल मान्य नसेल, तर शंभर शब्दांपर्यंतचे आपले निवेदन नोंदीत जोडून घेता येते. त्यापुढे ग्राहक वित्त संरक्षण विभाग, राज्याचे ॲटर्नी जनरल आणि शेवटी न्यायालय हे मार्ग आहेत.

नोंद खरी असेल तर? तेव्हा हरकत घेऊ नये. खऱ्या नोंदीला खोटी म्हणण्याने काही साधत नाही. त्याऐवजी बँकेला विनंतीपत्र लिहावे. एरवी व्यवहार चोख होता, अमुक काळात नोकरी गेली होती, आता खाते सुरळीत आहे, तरी एक-दोन उशिरांची नोंद सद्भावनेने काढावी, असे नम्रपणे लिहावे. बँक बांधील नाही, पण कधी कधी ऐकते. वसुली संस्थेचे देणे अजून बाकी असेल, तर पैसे भरण्यापूर्वीच नोंद काढण्याबद्दल विचारता येते. होकार मिळाला तर तो लेखी घ्यावा. फोनवरच्या आश्वासनाला किंमत नाही.

आपल्या नावांचा आणि नात्यांचा प्रश्न

आपल्या लोकांच्या बाबतीत एक विशेष अडचण आहे. आपल्यात मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे. पासपोर्टवर एक, परवान्यावर दुसरे, बँकेत मधले नाव गाळलेले, आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग तीन प्रकारचे. त्यात कांबळे, गायकवाड, जाधव या आडनावांची कितीतरी कुटुंबे. दोन व्यक्तींच्या नोंदी मिसळण्यास एवढे पुरते. बाप-लेकांच्या नोंदीही अशाच मिसळतात. अहवालातील नावे, पत्ते आणि जन्मतारीख आधी तपासा, मग खात्यांकडे वळा. पुढे सर्वत्र नाव एकाच रीतीने लिहा.

मायदेशातील चांगली पत येथे आपोआप येत नाही आणि येथली तिकडे जात नाही. भारतात सिबिल ही संस्था २००० मध्ये स्थापन झाली. तिची वही वेगळी आणि इथली वेगळी. म्हणून नव्याने आलेला माणूस येथे कोऱ्या पाटीनेच सुरुवात करतो, आणि कोऱ्या पाटीवर पहिलाच ओरखडा फार ठळक दिसतो.

भगिनींना मुद्दाम सांगतो. घरातील सारी खाती पतीच्या नावे असतील, तर आपली स्वतःची पतनोंद तयारच होत नाही. पतीच्या निधनानंतर किंवा घटस्फोटानंतर पन्नाशीत पहिले कार्ड मागण्याची वेळ येते. १९७४ च्या समान पतसंधी कायद्याने स्त्री आहे किंवा विवाहित आहे म्हणून कर्ज नाकारण्यास मनाई केली. १९७६ मध्ये वंश, वर्ण, धर्म, राष्ट्रीय मूळ यांचाही त्यात समावेश झाला. हक्क आहे, तो वापरा. किमान एक खाते स्वतःच्या नावाने ठेवा. आणि घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात ‘हे कर्ज पतीने फेडावे’ असे लिहिले, तरी संयुक्त कर्जावरची आपली जबाबदारी धनकोच्या दृष्टीने संपत नाही, हे विसरू नका.

जामीन राहण्याविषयी एवढेच सांगतो. भावाच्या, मेहुण्याच्या, गावच्या मुलाच्या कर्जाला सहस्वाक्षरी करणे आपल्याकडे मायेचे काम मानतात. पण त्याचा चुकलेला हप्ता आपल्याही नोंदीत चढतो. ज्याला ती रक्कम स्वतः फेडण्याची तयारी आहे, त्यानेच सही करावी.

नवी पत उभी करणे

जुनी नोंद जाण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा तिच्यावर नव्या चांगल्या नोंदींचे थर चढवावेत. जुना उशीर जसजसा मागे पडतो, तसतसा त्याचा भार कमी होतो. अनामत ठेवून मिळणारे कार्ड घ्यावे. पाचशे डॉलर ठेवले, तर सहसा तेवढीच मर्यादा मिळते. हे कार्ड तिन्ही संस्थांना माहिती देते का, हे आधी विचारावे. अनेक सहकारी पतसंस्था पत उभारणीसाठी छोटे कर्ज देतात. त्यात रक्कम बंद खात्यात राहते आणि हप्ते पूर्ण झाल्यावर हाती येते. घरातील चोख व्यवहार असलेल्या व्यक्तीने आपल्या जुन्या कार्डावर अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव घातले, तर त्याचाही उपयोग होतो.

कार्डाच्या मर्यादेच्या तीस टक्क्यांहून कमी बाकी ठेवावी, दहा टक्क्यांच्या आत राहिली तर उत्तम. बहुधा बिलाच्या तारखेची बाकी कळवली जाते, म्हणून बिल निघण्यापूर्वीच बराच भाग भरून टाकावा. किमान रक्कम बँकेतून आपोआप जाईल अशी व्यवस्था करावी. हप्त्याला एक-दोन दिवस उशीर झाला, तर दंड लागेल, पण साधारण तीस दिवसांचा उशीर झाल्याशिवाय तो पतनोंदीत जात नाही, म्हणून लक्षात येताच भरावे. वर्षाची फी नसेल, तर जुने कार्ड बंद करू नये. एकाच महिन्यात पाच ठिकाणी अर्ज करू नयेत, कारण प्रत्येक अर्जाची चौकशी दोन वर्षे नोंदीत राहते.

ठगांपासून सावध

ज्याला घाई असते, त्याच्या दारात ठग उभा असतो. ‘तीस दिवसांत सारी नोंद साफ’ अशा जाहिराती आपल्या भाषेतील ओळखीच्या माणसाकडूनही येतात. १९९६ च्या कायद्यानुसार पतदुरुस्ती करणाऱ्या कंपनीला काम पुरे होण्यापूर्वी पैसे घेता येत नाहीत, लेखी करार द्यावा लागतो आणि तीन कामाच्या दिवसांत तो रद्द करण्याचा हक्क ग्राहकाला असतो. खरी व वेळेत असलेली नोंद कोणतीही कंपनी कायदेशीरपणे पुसू शकत नाही. सोशल सिक्युरिटी क्रमांकाऐवजी दुसरा नऊ आकडी क्रमांक वापरायला सांगणारा माणूस तर आपल्याला गुन्ह्यात ओढतो. व्हिसा किंवा नागरिकत्व प्रलंबित असलेल्यांनी तर त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. कायद्याने मिळणारी प्रत्येक दुरुस्ती आपण स्वतः टपालखर्चात करू शकतो.

मित्रहो, बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले ते अर्थशास्त्राचा अभ्यास करण्यासाठी. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ रुपयाच्या प्रश्नावर होता. पैशाचा व्यवहार हा नशिबाचा भाग नसून तो समजून घेण्याचा विषय आहे, हा धडा आपल्याला त्यांच्यापासून घेता येतो. म्हणून माझी दोन सूचनांवर समाप्ती आहे. पहिली, घरी गेल्यावर या महिन्यात आपला व आपल्या जोडीदाराचा, दोघांचेही तिन्ही अहवाल काढून वाचा. दुसरी कार्यकारिणीसाठी: पुढील संमेलनापासून एक टेबल असे ठेवावे, की जेथे हिशेब जाणणारे दोन सभासद बसतील आणि कोणाचेही नाव बाहेर न जाता अहवाल वाचायला, पत्र लिहायला मदत करतील. कर्ज फेडणाऱ्या माणसाने मान खाली घालण्याचे कारण नाही. त्याने आपला शब्द पाळला आहे. आता वहीनेही खरे तेच सांगावे, एवढीच त्याची मागणी आहे, आणि कायदा त्याच्या बाजूने आहे.